कान उघडे ठेवून पाहिलेले सिनेमे

२०२५च्या सप्टेंबरात एका आठवड्याच्या अंतरानं दोन मराठी सिनेमे लागले. १२ तारखेला सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ आणि १९ तारखेला रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. पहिल्यात पेटी, झांजा, मृदंग, जंगल, आरोळ्या आणि भरगच्च पार्श्वसंगीत. दुसऱ्यात पार्श्वसंगीताचा एक सूरही नाही. मी दोन्ही थिएटरात जाऊन पाहिले. त्याच वर्षी मार्चमध्ये जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ पाहिला होता. या तिन्ही सिनेमांवर मित्रमंडळींशी, घरच्यांशी भरपूर बोलणं झालं. सगळे गोष्टीबद्दल बोलले, अभिनयाबद्दल बोलले, कॅमेऱ्याबद्दलही बोलले. कानांवर काय पडलं याबद्दल मात्र क्वचितच कुणी काही म्हणालं. मला सिनेमा संपल्यावर आधी तेच आठवतं.

त्याला कारण माझा धंदा. व्यावसायिक मराठी नाटकांचं पार्श्वसंगीत चालवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आधी स्पूल, मग कॅसेट, मग मिनीडिस्क आणि शेवटी लॅपटॉप. दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी रंगायतन, पुण्याचं बालगंधर्व, आणि दौऱ्यावर जिथं प्रयोग लागेल तिथं. समोर संहिता, तिच्यावर पेन्सिलीनं केलेल्या खुणा, आणि कान नटाच्या वाक्यावर. म्युझिक ऑपरेटर प्रेक्षकांना दिसत नाही, पण त्याला सगळं प्रेक्षागृह ऐकू येतं. खोकला, कुजबुज, खुर्चीची करकर, दाबून धरलेला हुंदका.

या कामात एक गोष्ट लवकर कळते. मुलगी घर सोडून निघाली आहे, बापाचं शेवटचं वाक्य आहे, आणि तिथं सारंगीचा सूर सोडायचा आहे. वाक्य संपायच्या आतच सूर सोडला, की लोकांना कळतं आता रडायचं आहे, आणि ते रडतातही. पण दोन श्वास थांबून सोडला, तर लोक आधी स्वतः अस्वस्थ होतात आणि सूर त्यांच्या अस्वस्थतेला येऊन मिळतो. पहिल्या पद्धतीत रुमाल लवकर निघतात. दुसऱ्या पद्धतीत प्रसंग प्रेक्षकाबरोबर घरी जातो. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो ते एवढंच सांगायचे, की नटाचा श्वास ऐक आणि मग बटण दाब.

नाटकात ही मुभा रोज मिळते. आज नटानं वाक्य ताणलं तर आपण थांबायचं, उद्या प्रेक्षक हसत राहिले तर हसू ओसरेपर्यंत थांबायचं. सिनेमाला ही सोय नाही. सगळे आवाज एकत्र बसवण्याच्या, म्हणजे मिक्सिंगच्या, टेबलावर एकदा ठरलं की ते कायमचं ठरलं. मग सिनेमा चंद्रपुरात लागो नाही तर लंडनमध्ये, सूर त्याच क्षणाला लागणार, समोरची माणसं त्या क्षणापर्यंत पोचलेली असोत वा नसोत. म्हणून दिग्दर्शकाचा प्रेक्षकावर किती भरवसा आहे, हे मी त्याच्या पार्श्वसंगीतावरून ओळखतो. ज्याचा भरवसा असतो तो थांबतो. ज्याचा नसतो तो आधीच सांगून टाकतो की आता घाबरा, आता हळवे व्हा. त्या वर्षात पाहिलेल्या सिनेमांबद्दल माझं जे काही म्हणणं आहे, ते या एकाच गोष्टीभोवती आहे.

सिनेमातला आवाज येतो कुठून?

पडद्यावर स्वयंपाकघरात आई आणि मुलगा बोलत आहेत असं समजा. आपल्याला तो सगळा एकच आवाज वाटतो, पण त्यात निदान चार थर असतात. पहिला संवादांचा. तो चित्रीकरणाच्या वेळीच जागेवर घेतलेला असतो, त्याला सिंक साउंड म्हणतात, किंवा नंतर स्टुडिओत पडद्याकडे बघत नटानं पुन्हा बोललेला असतो, ते डबिंग. आपल्याकडे कित्येक वर्षं डबिंगचाच रिवाज होता. २००१च्या ‘लगान’नं जागेवर आवाज घेऊन एवढा मोठा सिनेमा करता येतो हे दाखवलं आणि त्यानंतर ही पद्धत हळूहळू रुळली. जागेवर घेतलेल्या संवादात नटाचा त्या क्षणीचा दम असतो. चढ चढून आलेला माणूस खरोखर धापा टाकत बोलतो.

दुसरा थर परिसराचा. बाहेरचा कावळा, लांबची मोटारसायकल, शेजारच्या घरातला टीव्ही. आवाज घेणारी मंडळी चित्रीकरण आटोपल्यावर सगळ्या युनिटला अर्धा-एक मिनिट गप्प उभं करतात आणि त्या खोलीची नुसती शांतता ध्वनिमुद्रित करतात. त्याला रूम टोन म्हणतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पत्र्याच्या घराची वेगळी, कौलारू घराची वेगळी, कोर्टाच्या उंच छताखालची आणखी वेगळी. संवादांच्या मधल्या फटींत हीच शांतता भरली जाते. ती नसेल तर कानाला खड्डे जाणवतात.

तिसरा थर हालचालींचा. पावलं, बांगड्या, ताट सरकवल्याचा आवाज, लुगड्याची सळसळ. हे बहुतेक आवाज स्टुडिओत पडद्यावरचं दृश्य बघत नव्यानं केले जातात. जॅक फोली या अमेरिकन कारागिरानं ही कला रुजवली, म्हणून तिला फोली म्हणतात. चपलांचे ढीग, भांडी, वाळू, कापड घेऊन ही माणसं काम करतात आणि प्रेक्षकाला त्यांचा पत्ताही लागत नाही.

चौथा थर पार्श्वसंगीताचा. आधीच्या तिन्ही थरांचा उगम त्या प्रसंगातल्या जगात असतो. आई, मुलगा, कावळा, ताट सगळे तिथंच आहेत. पार्श्वसंगीत तेवढं बाहेरून येतं. ते पात्रांना ऐकू येत नाही, आपल्यालाच ऐकू येतं. म्हणजे ते थेट दिग्दर्शकानं आपल्या कानात केलेलं बोलणं आहे. म्हणून त्याची जबाबदारी मोठी.

१९३७ सालचं घड्याळ

पार्श्वसंगीताशिवाय सिनेमा ही आजच्या तरुण दिग्दर्शकांची परदेशातून आणलेली टूम आहे, असं काही जण म्हणतात. त्यांनी ‘कुंकू’ बघावा. ‘प्रभात’नं १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला आणि त्यानंतर पाचच वर्षांनी, १९३७ मध्ये, व्ही. शांताराम यांनी ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून ‘कुंकू’ केला. पोरवयात म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते. शांता आपटे नीरा, केशवराव दाते तिचा म्हातारा नवरा काकासाहेब. बोलपटाला जेमतेम वाचा फुटली होती. सगळीकडे गाण्यांची आणि वाद्यांची रेलचेल होती. अशा काळात शांतारामबापूंनी या सिनेमात वरून लावलेलं पार्श्वसंगीत ठेवलं नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातल्या वस्तूंचं आणि माणसांचं.

हा सिनेमा मी हल्लीच हेडफोन लावून पुन्हा पाहिला. भिंतीवरचं मोठं घड्याळ काकासाहेबांच्या वयाची आठवण करून देत राहतं. एखाद्या व्हायोलिननं नीराची कोंडी जेवढी सांगितली असती त्याहून जास्त ते घड्याळ सांगतं, कारण ते घड्याळ नीरालाही ऐकू येतं. आपण आणि ती एकाच खोलीत असतो. ध्वनिमुद्रण त्या काळाच्या यंत्रांचं आहे, खरखर आहे, पण विचार आजही ताजा आहे. मराठी सिनेमाच्या घरातच ही परंपरा आहे आणि तिचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

‘स्थळ’: तेच प्रश्न, तोच आवाज

‘कुंकू’नंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी पुन्हा एक मुलगी, पुन्हा लग्न. ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात चित्रित झाला आहे. पडद्यावर दिसतात ती त्याच भागातली माणसं, नावाजलेले नट नाहीत. नंदिनी चिकटे सविता झाली आहे. सविताला शिकायचं आहे, स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. बाप कापूस पिकवतो आणि कापसाच्या भावाच्या चिंतेत असतो. घरात एकामागून एक पाहुणे तिला बघायला येतात. २०२३ साली टोरंटोच्या महोत्सवात या सिनेमाला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि आपल्याकडे तो महिला दिनाच्या आदल्या दिवशी, ७ मार्च २०२५ला लागला.

सुरुवातीलाच सोमलकरांनी डाव उलटा मांडला आहे. बायका ओळीनं बसल्या आहेत आणि एका तरुणाला प्रश्न विचारत आहेत. थिएटरात हशा पिकतो. मग मुलगी बघण्याचे खरे कार्यक्रम सुरू होतात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद कोणते. पुन्हा दुसऱ्या पाहुण्यांकडून तेच. पुन्हा तिसऱ्यांकडून तेच. कपबशांची किणकिण, पुरुषांचं घसा खाकरणं, आणि सविताची खाली मान घालून दिलेली उत्तरं. प्रश्नांचा क्रमही बदलत नाही. एकच गोष्ट तशीच्या तशी पुन्हा ऐकवून अंगावर काटा आणता येतो, हे मी नाटकात क्वचित अनुभवलं होतं. इथं ते पूर्ण ताकदीनं घडलं.

माझी पुतणी बरोबर होती. नोकरी करते, घरी तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. पहिल्या कार्यक्रमाला ती मोठ्यानं हसली. तिसऱ्याला गप्प होती. बाहेर पडल्यावर म्हणाली, “काका, प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज प्रत्येक घरात असाच कसा असतो हो?” समीक्षकांनी ‘स्थळ’बद्दल पुष्कळ चांगलं लिहिलं, पण तिच्या या प्रश्नात सिनेमाचं सगळं सार आलं. तो आवाज उद्धट नसतो. चांगल्या घरातला, समजूतदार, वडीलधारा असतो. म्हणूनच त्याला उत्तर देणं जड जातं.

कॉलेजच्या वर्गातले स्त्री-सबलीकरणाचे धडे आणि घरातलं वास्तव यांची जोडी मला जरा जास्त आखीव वाटली. तिथं लेखकाचा हात दिसतो. पण गावातल्या माणसांची चंद्रपूरकडची बोली, तिच्यातला संथपणा, वाक्याच्या शेवटी येणारा हेल, हे सगळं जसंच्या तसं ठेवल्याबद्दल या मंडळींचे आभार मानले पाहिजेत. मराठी सिनेमात विदर्भाचं बोलणं बहुतेक वेळा विनोदासाठी वापरलं गेलं आहे. इथं त्या बोलीत एक बाप आपली लाचारी बोलतो आणि कुणी हसत नाही.

‘साबर बोंडं’: शांततेची सवय

‘साबर बोंडं’नं जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागातला ज्युरींचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला. गोष्ट साधी आहे. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो. पायात चप्पल घालायची नाही, केस कापायचे नाहीत, जेवणावर बंधनं. भोवती नातेवाईक आणि सारखा एकच प्रश्न, लग्न कधी करणार? आनंदला पुरुष आवडतात. आईला ते ठाऊक आहे, गेलेल्या वडिलांनाही ठाऊक होतं. गावात बालपणीचा मित्र बाळ्या आहे, तोही तसाच, तोही लग्नाच्या तगाद्याखाली. भूषण मनोज, सूरज सुमन आणि आईच्या भूमिकेत जयश्री जगताप, तिघांनीही आवाज न चढवता कामं केली आहेत. कानवडे स्वतः वडिलांच्या निधनानंतर अशाच दहा दिवसांतून गेले होते आणि तिथंच या सिनेमाचं बीज पडलं.

पहिली काही मिनिटं थिएटरात चुळबुळ होती. पिशव्यांची कुरकुर ऐकू येत होती, कुणीतरी फोनवर हळू बोलत होतं. सूर लागेल याची लोक नकळत वाट बघत असतात. तो लागत नाही असं ध्यानात आलं की आधी अवघडतात आणि मग कान आपोआप पुढं सरतात. साधारण पाव तासात सगळं थिएटर शांत झालं. त्यानंतर वारा ऐकू येऊ लागला, पाखरं ऐकू येऊ लागली, आतल्या खोलीत बायकांचं दबक्या आवाजातलं बोलणं ऐकू येऊ लागलं. मृत्यू झालेल्या घरात आवाज असेच असतात. सगळे हळू बोलतात आणि म्हणून सगळ्यांना सगळं ऐकू येतं.

इथं पार्श्वसंगीत का नको होतं, हे मला पूर्ण पटलं. दोन पुरुष एकमेकांजवळ बसले आहेत आणि मागं बासरी वाजली असती, तर दिग्दर्शकानं आपल्याला सांगितलं असतं की बघा, किती हळुवार प्रेम आहे. एखादा गंभीर सूर लागला असता, तर सांगितलं असतं की बघा, केवढं दुःख आहे. दोन्ही वेळा आपल्या वतीनं निकाल लागला असता. कानवडे तो लावत नाहीत. ज्या प्रेक्षकाच्या मनात या नात्याबद्दल अवघडलेपण आहे, त्यालाही ते हाकलून देत नाहीत. त्याला त्याच्या अवघडलेपणासकट बसू देतात, वेळ देतात. माझ्या शेजारी साठीच्या पुढचे एक गृहस्थ होते. मध्यंतरात ते नाराजीनं म्हणाले, “असले विषय कशाला?” सिनेमा संपल्यावर दिवे लागले तरी ते उठले नाहीत. मग म्हणाले, “ती आई मात्र खरी.” कोणत्याही वाद्यानं त्यांना तिथवर नेलं नसतं.

जयश्री जगताप यांच्या आईबद्दल मीही तेच म्हणेन. नवरा गेलेला, मुलाचं गुपित सांभाळायचं, नातेवाइकांना तोंड द्यायचं. ही बाई एकदाही भाषण करत नाही. लोकांना पटेल अशी काहीतरी गोष्ट रचून सांगते आणि मुलाला सोडवते. मराठी सिनेमातल्या आयांमध्ये तिची जागा वरची आहे.

‘दशावतार’: जिथं वाद्यं घरचीच आहेत

हे वाचून मी संगीताच्या विरोधात आहे असा समज होईल. तसं अजिबात नाही. ‘दशावतार’ पाहायला माझी थोरली बहीण बरोबर होती. ती कुडाळला दिलेली, जत्रेतले दशावतार बघत म्हातारी झालेली. देवळाच्या आवारात रात्रभर चालणारं हे नाटक. पेटी, मृदंग आणि झांज एवढीच साथ. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर यांचा भाग आणि मग आख्यान. लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं, संवाद तिथल्या तिथं सुचतील तसे. सगळी पात्रं पुरुषच करतात आणि आपापला चेहरा स्वतःच रंगवतात.

दिलीप प्रभावळकर यात बाबुली मेस्त्री झाले आहेत. नजर अधू होत चाललेला म्हातारा दशावतारी नट. मुलगा माधव म्हणजे सिद्धार्थ मेनन. त्याला बापानं आता थांबावं असं वाटतं. त्या मुलाच्या नोकरीच्या मागं कोकणातल्या खाणीचं आणि सत्तेचं राजकारण उभं राहतं आणि बाबुली रंगमंचावरचे अवतार रंगमंचाबाहेर आणतो. सिनेमा लागला तेव्हा प्रभावळकर ८१ वर्षांचे होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘हसवाफसवी’ या नाटकात एकाच प्रयोगात सहा भूमिका करताना ज्यांनी त्यांना पाहिलं आहे, त्यांना या सिनेमात एक वेगळा आनंद मिळतो. प्रत्येक वेषात त्यांच्या आवाजाची जागा बदलते. एका वेषात तो पोटातून येतो, एका वेषात नाकातून, आणि घरी मुलाशी बोलताना घशातच अडखळतो. हे आवाजाचं काम आहे आणि ते बघण्याइतकंच ऐकण्यासारखं आहे.

दशावताराच्या प्रवेशांत पेटी सुरू झाली तशी ताई सरळ होऊन बसली. “पेटी खरी वाजता हां,” एवढंच म्हणाली. या प्रवेशांमध्ये संगीत प्रसंगाच्या पोटातलं आहे. वाजवणारा समोर बसला आहे, नट त्याच्याकडे बघून पाऊल टाकतो. १९७२च्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकात भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि रंगमंचावर ओळीनं उभ्या माणसांची भिंत वेगळी करता येत नव्हती, तशीच ही गोष्ट. तिथं सूर कितीही चढला तरी तो दिग्दर्शकाचा हुकूम वाटत नाही.

बापलेकाचे घरातले प्रसंग मला सिनेमातले सर्वांत चांगले वाटले, आणि तिथं वाद्यं मागं राहतात. उत्तरार्धात मात्र पार्श्वसंगीत थांबायलाच तयार नाही. बाबुली अवतार घेऊन उभा राहिला की प्रभावळकरांचा नुसता श्वास पुरे होता, तरीही वर ढोल आणि घोष येतात. जंगल, पाणी, रात्रीचे किडे असे कोकणातले इतके जिवंत आवाज जवळ असताना ते या गदारोळात बुडून जातात. सिनेमा मोठ्या प्रेक्षकवर्गासाठी आहे, त्याला थरार हवा, हे मी समजू शकतो. पण ताईनं ज्या पेटीला दाद दिली, तिच्याइतकी खरी गोष्ट नंतरच्या ढोलांत मला सापडली नाही. तरीही कोकणातली एक लोककला आणि तिथल्या जमिनीचा प्रश्न एकत्र घेऊन थिएटरं भरवणं हे मोठं काम आहे आणि ते या मंडळींनी केलं.

थांबता येणं हीच कसोटी

या निमित्तानं मागचे काही सिनेमे घरी पुन्हा पाहिले. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये न्यायाधीश टायपिस्टला मजकूर सांगत राहतात. त्या एकसुरी आवाजात एका शाहिराच्या आयुष्याचा निकाल कसा लागत जातो, हे ऐकताना छातीवर ओझं येतं. त्यांच्याच ‘द डिसायपल’मध्ये आदित्य मोडक यांचा शरद रात्रीच्या रिकाम्या मुंबईत मोटारसायकल चालवतो. कानात गुरूच्या गुरूंचं, माईंचं बोलणं आणि मागं तंबोरा. माईंचा तो आवाज सुमित्रा भावे यांचा. मला वाटतं, गेल्या काही वर्षांत मराठी सिनेमात ऐकलेला हा सर्वांत न विसरता येणारा आवाज आहे.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त जब्या या मुलाचं कुटुंब डुकराच्या मागं धावत असतं आणि शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर निघून जातं. राष्ट्रगीत त्या गावच्या हवेतून येतं, पात्रांना ऐकू येतं, आणि तेवढ्यानं जातीबद्दल जे सांगायचं ते सांगून होतं. पुढं २०१६च्या ‘सैराट’मध्ये मंजुळेंनीच अजय-अतुल यांच्याकडून भव्य संगीत करून घेतलं, अमेरिकेतल्या वाद्यवृंदाकडून ते वाजवून घेतलं, आणि शेवटच्या प्रसंगात सगळा आवाज काढून घेतला. लहान मूल रक्तातून पावलं उमटवत बाहेर येतं आणि कानावर काहीच पडत नाही. आधीच्या गाण्यांवर शिट्ट्या वाजवणारं थिएटर त्या शांततेत बाहेर पडलं, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. संगीत किती आहे याला महत्त्व नाही. ते कुठं थांबतं, हे बघायचं.

ऐकायची जागाही धड हवी

‘साबर बोंडं’ बघताना पलीकडच्या पडद्यावर मारधाडीचा कुठलासा सिनेमा चालू होता आणि त्याचे दणके भिंतीतून येत होते. आईचं एक अत्यंत नाजूक वाक्य त्यात गेलं. दुसऱ्या एका ठिकाणी ‘स्थळ’चा आवाज इतका बारीक ठेवला होता की मागच्या रांगेतल्यांना संवाद कळेनात. याचं कारण सहसा साधं असतं. डॉल्बीच्या यंत्रावर आवाजाची सात ही पातळी प्रमाण धरून सिनेमाचं मिक्सिंग केलेलं असतं. पण जाहिराती आणि ट्रेलर फार कर्कश असतात, प्रेक्षक तक्रार करतात, आणि थिएटरवाले आवाज चार-साडेचारवर आणून ठेवतात. मग मुख्य सिनेमाही तेवढ्यावरच चालतो. ढणढणाटी सिनेमाला त्यानं फरक पडत नाही. शांत सिनेमा मात्र अर्धा मरतो. ज्या दिग्दर्शकानं आपल्यावर भरवसा टाकून संगीत काढून घेतलं, त्याच्या वाट्याला हे येतं.

म्हणून वाचकांना काही गोष्टी मनापासून सांगतो. असा सिनेमा आला की पहिल्याच आठवड्यात थिएटरात जा, कारण दुसऱ्या आठवड्यात त्याचे खेळ दुपारच्या आडवेळी ढकलले जातात किंवा उतरवले जातात. आवाज बारीक वाटला तर गप्प बसू नका. बाहेर जाऊन व्यवस्थापकाला आवाज वाढवायला सांगा, बहुतेक ठिकाणी ते लगेच ऐकतात. पहिली पंधरा मिनिटं खाण्याच्या पिशव्या बाजूला ठेवा. घरी मोबाइलवर बघणार असाल तर हेडफोन लावा, कारण मोबाइलच्या स्पीकरमधून वारा आणि श्वास पोचतच नाहीत. आणि सिनेमा संपल्यावर नामावली वाचा. ध्वनिमुद्रण, ध्वनिसंयोजन, फोली, मिक्सिंग अशी नावं शेवटी बारीक अक्षरांत येतात आणि ती येईपर्यंत आपण दारापाशी पोचलेलो असतो. दोन मिनिटं बसून राहा. चांगल्या आवाजाला आपण दाद दिली, तर तसं काम करणाऱ्यांना पुढचा सिनेमा मिळेल.